हंगेरियनच्या अठरा विभक्ती, मराठी कानाने ऐकताना

‘रामात’ हा शब्द घ्या. मराठीत तो ‘रामामध्ये’ या अर्थाने येतो: ‘रामात आणि कृष्णात फरक काय?’ संस्कृतात शेवटच्या तचा पाय मोडला की ‘रामात्’, म्हणजे ‘रामापासून’, पंचमीचं एकवचन. आणि बुडापेस्टमध्ये कुणी ‘रामात लातोम’ म्हणालं, तर त्याचा अर्थ ‘मला राम दिसतोय’. हंगेरियनमध्ये आपल्या रामाला ‘रामॉ’ म्हणतात, आणि त्याच्यामागे लागलेला हा त एवढंच सांगतो की दिसणारा राम आहे, राम इथे कर्म आहे. आवाज एकच, भाषा तीन, विभक्ती तीन.

हा तिसरा त आणि त्याची भावंडं मिळून हंगेरियनची विभक्तिव्यवस्था होते. पुस्तक उघडलं की पहिल्यांदा डोळ्यांत भरतो तो आकडा: अठरा. शाळेत प्रथमेपासून संबोधनापर्यंत आठ विभक्ती घोकताना ज्यांची दमछाक झाली, त्यांना अठरा म्हटल्यावर पुस्तक मिटावंसं वाटणं साहजिक आहे. पण मराठी बोलणाऱ्या माणसाच्या तोंडात यातल्या बहुतेक गोष्टी आधीपासून बसलेल्या आहेत. अडतं ते एका वेगळ्याच जागी, आणि ती जागा या आकड्यात दिसत नाही.

हंगेरियन लोक आपल्या भाषेला ‘मॉद्यॉर’ म्हणतात. ती बोलणारे लोक सव्वा कोटीच्या आसपास असतील. बहुतेक हंगेरीत, आणि बाकीचे शेजारच्या रुमानिया, स्लोव्हाकिया, सर्बिया, युक्रेन या देशांत. चहूबाजूंनी स्लाव्ह भाषा, जर्मन आणि रुमानियन, मध्ये ही एकटी. तिच्या सर्वांत जवळच्या बहिणी, खांती आणि मान्सी, पार पश्चिम सायबेरियात ओब नदीच्या खोऱ्यात राहतात. फिनिश आणि एस्टोनियन लांबच्या नात्यातल्या. मराठीशी तिचा रक्ताचा काही संबंध नाही. म्हणूनच दोघींच्या सवयी इतक्या जुळलेल्या पाहिल्या की मला दरवेळी नव्याने आनंद होतो.

पुढे जाण्याआधी लिपीचं थोडं. हंगेरियनमध्ये ऱ्हस्व ‘अ’सारखा दिसणारा स्वर आपल्या ‘ऑ’च्या जवळ जातो, म्हणून मी तो ऑ लिहितोय, दीर्घ असेल तर तो सरळ आ. झ हा ‘झाड’मधला. ‘यो’ आणि ‘यु’ अशी जोडाक्षरं जिथे दिसतील तिथे य उच्चारायचा नाही: ओठ ‘ओ’चे किंवा ‘उ’चे करायचे आणि जीभ मात्र ‘ए’ म्हणताना असते तशी पुढे ठेवायची. देवनागरीला याहून जवळ जाता येत नाही.

आता मोजणीकडे. ‘घर’ हा शब्द घेऊन बघा: घराला, घराने, घराशी, घराहून, घरात, घरी, घरावर, घराकडे, घरापाशी, घरापर्यंत, घरासाठी, घरामुळे, घराशिवाय, घराखाली. यातल्या पहिल्या काहींना आपलं व्याकरण विभक्तिप्रत्यय म्हणतं आणि उरलेल्यांना शब्दयोगी अव्ययं. ती रेघ जराशी सरकवली असती तर मराठीतही वीस-पंचवीस विभक्ती सहज भरल्या असत्या. हंगेरियन व्याकरणकारांनी रेघ त्यांच्या सोयीने ओढली, आणि तीही सगळ्यांची एका जागी नाही: कुणी सतरा मोजतं, कुणी अठरा, कुणी वीसच्याही वर जातं. तेव्हा आकडा मोजणाऱ्याच्या हातात असतो.

दुसरी, जास्त महत्त्वाची गोष्ट. संस्कृतचं शब्दरूप अवघड का वाटतं? ‘रामैः’ या रूपात ‘अनेक’ कुठे संपतं आणि ‘ने’ कुठे सुरू होतं ते सोडवून दाखवता येत नाही. दोन्ही अर्थ एकमेकांत विरघळलेले असतात. शिवाय देव वेगळा चालतो, माला वेगळी, नदी वेगळी. हंगेरियनमध्ये मणी ओवावेत तसे अर्थ सुटे ओवले जातात. ‘हाझ’ म्हणजे घर. ‘हाझॉक’ म्हणजे घरं. ‘हाझबॉन’ म्हणजे घरात. ‘हाझॉकबॉन’ म्हणजे घरांत. क हा अनेकवचनाचा मणी, बॉन हा ‘आत’चा. मराठीत नेमकं हेच काम एक अनुस्वार करतो: घरात, घरांत. लिंग तर त्या भाषेत नाहीच, त्यामुळे एकदा बॉन शिकला की तो घराला, नदीला, माणसाला, अनेकवचनाला, सगळ्यांना चालतो. विशेषणही हलत नाही. आपल्याला ‘मोठं घर’चं ‘मोठ्या घरात’ करावं लागतं. तिथे ‘नॉद्य हाझ’ आणि ‘नॉद्य हाझबॉन’, मोठेपण जागच्या जागी.

आपलं सामान्यरूप असतं तसा शब्दाच्या अंगात थोडा बदल तिथेही होतो, पण तो ठरावीक प्रकारच्या शब्दांपुरता. ‘ऑल्मॉ’ म्हणजे सफरचंद. प्रत्यय लागताना शेवटचा स्वर ताणला जातो आणि ‘ऑल्मात’ होतं. आपला रामॉ-रामात हा त्याच चालीचा. ‘लो’ म्हणजे घोडा, कर्म झाला की ‘लोवॉत’. पाणी आहे ‘वीझ’, पाणी मागायचं असेल तर ‘विझॅत’. दगड-दगडाला, पाणी-पाण्याला, सासू-सासवेला ही कसरत ज्याला जमते त्याला हे जड जायचं कारण नाही.

आता अडणारी जागा. मोबाइलवर आपण विचारतो, ‘कुठे आहेस?’ आणि दुसऱ्या दिवशी विचारतो, ‘कुठे चाललास?’ दोन्हीकडे कुठे. उत्तरंही तीच: ‘डॉक्टरकडे आहे’, ‘डॉक्टरकडे चाललोय’. ‘बाळ खोलीत झोपलंय’, ‘बाळ खोलीत रांगत गेलं’. ‘डबा टेबलावर आहे’, ‘डबा टेबलावर ठेव’. असणं आणि जाऊन पोचणं यांतला फरक मराठी क्रियापदावर सोपवते; नामाला त्याची खबर नसते. हंगेरियनमध्ये हा फरक नामावरच दिसला पाहिजे. तिथे प्रश्नच तीन आहेत: ‘होल’ म्हणजे कुठे असणं, ‘होवा’ म्हणजे कुठे जाणं, ‘होन्नॉन’ म्हणजे कुठून येणं. आणि जागा तीन प्रकारच्या: आतली, वरची, जवळची. तीन त्रिक नऊ. अठरातल्या निम्म्या विभक्ती या एका चौकटीत बसतात.

आतली जागा, घर: हाझबॉन, घरात आहे; हाझबॉ, घरात जातो; हाझबोल, घरातून येतो.

वरची जागा, टेबल: ऑस्तॉलोन, टेबलावर आहे, ऑस्तॉलरॉ, टेबलावर ठेवतो, ऑस्तॉलरोल, टेबलावरून उचलतो.

जवळची जागा, डॉक्टर: ओर्वोशनाल, डॉक्टरकडे आहे, ओर्वोशहोझ, डॉक्टरकडे जातो, ओर्वोशतोल, डॉक्टरकडून येतो.

शिकायला लागलो तेव्हा मी हे नऊ चौकोन वहीच्या मलपृष्ठावर आखले होते. तिसरा स्तंभ पहिल्या दिवशी पाठ झाला, कारण तून, वरून, कडून हे आपल्याकडेही वेगळेच असतात. चुका झाल्या त्या सगळ्या पहिल्या दोन स्तंभांत. ‘चहात साखर आहे’ याला ‘तॅआबॉन’, आणि ‘चहात साखर घाल’ याला ‘तॅआबॉ’, कारण साखर बाहेरून आत जाते आहे. ‘तो खुर्चीवर बसलाय’ हे ‘सेकॅन’, पण ‘खुर्चीवर बस’ हे ‘सेकरॅ’. आणि ‘वहीत लिही’ याला जायचा प्रत्यय लागतो, असण्याचा नाही. अक्षरं पेनातून वहीत उतरतात अशी त्या भाषेची कल्पना. मराठी माणसाने बोलण्याआधी स्वतःला एवढंच विचारायचं: या वाक्यात काही हललं का, एका जागेवरून दुसऱ्या जागी पोचलं का?

हा त्रिकाचा हट्ट सुट्या शब्दांतही आहे. ‘ऑस्तॉल ऑलॉत्त’ म्हणजे टेबलाखाली असणं, ‘ऑस्तॉल ऑला’ म्हणजे टेबलाखाली जाणं, ‘ऑस्तॉल ऑलोल’ म्हणजे टेबलाखालून निघणं. आपल्याकडे खाली आणि खालून अशी दोनच रूपं. अगदी आपला लाडका ‘घरी’सुद्धा त्यांनी वाटून टाकलाय: घरी आहे ते ‘ओत्थोन’, घरी जातो ते ‘हॉझॉ’. या ‘हॉझॉ’ शब्दाचा दुसरा अर्थ मायदेश.

दिलासा म्हणून एक गोष्ट सांगून ठेवतो. बोलताना हंगेरियन लोकही बॉनमधला न बऱ्याचदा गिळतात, आणि ‘घरात आहे’ला ‘हाझबॉ’ म्हणून जातात. लिहिताना मात्र तो न लागतोच. तो गाळलेला दिसला की शाळेत लाल खूण होते.

या चौकटीत माझी सर्वांत आवडती गोष्ट आहे गावांची नावं. चित्रकार अमृता शेर-गिल यांची आई हंगेरियन होती. अमृता जन्मल्या १९१३ साली बुडापेस्टमध्ये, आणि गेल्या १९४१ साली लाहोरमध्ये. मराठीत दोन्हीकडे ‘मध्ये’. हंगेरियनमध्ये त्यांचा जन्म ‘बुदॉपॅश्तॅन’ झाला, शब्दशः बुडापेस्टवर, आणि मृत्यू ‘लाहोरबॉन’, लाहोरात. परदेशातली गावं ‘आत’ असतात: मुंबईला बॉन, लंडनला बॉन, व्हिएन्नाला बॅन. हंगेरीतली बरीचशी गावं ‘वर’ असतात: सेगेद, मिश्कोल्त्स, सोल्नोक. पण सगळी नाहीत. देब्रेत्सेन, शोप्रोन, एगेर ही देशातलीच असून ‘आत’ आहेत. गावाच्या नावाचा शेवट न, र, म अशा व्यंजनाने होत असेल तर बहुधा ‘आत’, एवढा कल सांगता येतो. खात्री हवी तर त्या गावच्या माणसाला विचारावं. देशांचंही तसंच. भारत ‘इन्दिआबॉन’, जर्मनीतही ‘बॉन’, पण हंगेरी मात्र ‘मॉद्यॉरोर्सागोन’, हंगेरीवर. बेटं सोडली तर हा मान जवळपास त्या एकाच देशाला.

पहिल्या महायुद्धानंतर, ४ जून १९२० ला, त्रियानोंचा तह झाला आणि हंगेरीचा सुमारे दोन तृतीयांश मुलूख शेजाऱ्यांकडे गेला. ज्याला रुमानियात आज क्लुज म्हणतात ते शहर हंगेरियन माणसासाठी कोलोझ्वार, आणि तो आजही म्हणतो ‘कोलोझ्वारोन’. स्लोव्हाकियातलं कोशित्से त्याचं ‘कॉश्शॉ’, आणि तिथे असणं ‘कॉश्शान’. सर्बियातलं नोवी साद त्याचं ‘ऊयविदेक’, तिथेही ‘वर’च. उलट रुमानियाची राजधानी बुखारेस्ट, जी कधीच हंगेरीची नव्हती, ती ‘आत’. सीमा बदलून शंभरहून अधिक वर्षं झाली; प्रत्यय जुन्याच नकाशावर चालतो आहे. बुडापेस्टजवळ वेलेन्त्से नावाचं तळ्याकाठचं गाव आहे, आणि इटलीतल्या व्हेनिसलाही हंगेरियनमध्ये वेलेन्त्सेच म्हणतात. ‘वॅलॅन्त्सेन’ म्हटलं तर माणूस तळ्याकाठी आहे, ‘वॅलॅन्त्सेबॅन’ म्हटलं तर इटलीत. एवढी माहिती एका प्रत्ययात मावते.

वर बॉन आणि बॅन, रॉ आणि रॅ अशा जोड्या आल्या. त्या वेगळ्या विभक्ती नाहीत. आ, ओ, उ असं ओळीने म्हणून बघा: जीभ मागे राहते. मग ए, ई म्हणा: ती पुढे येते. हंगेरियन शब्द साधारणपणे एकाच बाजूच्या स्वरांचा असतो, आणि प्रत्यय त्या बाजूला जाऊन बसतो. ‘हाझ’ मागचा, म्हणून हाझबॉन. ‘कॅर्त’ म्हणजे बाग, ती पुढची, म्हणून कॅर्तबॅन. ‘होझ’ या प्रत्ययाला तर तीन रूपं आहेत: खिडकीकडे ‘ऑब्लॉकहोझ’, खुर्चीकडे ‘सेकहॅझ’, आरशाकडे ‘त्युक्योरह्योझ’. तिसऱ्यात ओठ आरशाच्या शब्दासाठी आधीच गोल झालेले असतात, ते प्रत्ययभर तसेच राहतात. हे नियम म्हणून पाठ करू नयेत. दहा-वीस शब्द मोठ्याने म्हटले की जिभेलाच कळतं. अपवाद आहेत, आणि एक तर रोजचा: ‘हीद’ म्हणजे पूल. स्वर पुढचा, पण प्रत्यय मागचे घेतो. दुना, म्हणजे डॅन्यूब, नदीवरचा १८४९ साली खुला झालेला बुडापेस्टचा साखळीपूल म्हणजे ‘लान्त्सहीद’. त्यावरून चालणारा माणूस ‘लान्त्सहीदोन’ असतो.

आपल्या साधन दाखवणाऱ्या ने, शी आणि बरोबर यांचं काम तिथे एकटा ‘वॉल, वॅल’ करतो. मेट्रोने जायचं तर ‘मॅत्रोवॉल’. पण शब्द व्यंजनाने संपत असेल तर हा व आपला आवाज सोडून देतो आणि शेजाऱ्याचा घेतो. ट्रॅम आहे ‘विल्लॉमोश’. ट्रॅमने म्हणजे ‘विल्लॉमोश्शॉल’. रेल्वेगाडी ‘वोनॉत’, गाडीने ‘वोनॉत्तॉल’. सुरी ‘केश’, सुरीने ‘केश्शॅल’. आपण सत् आणि जन यांचा सज्जन करतो तेव्हा आधीचं अक्षर पुढच्यासारखं होतं. इथे पुढचं आधीच्यासारखं होतं. कॉफी मागितली की विचारतात, साखर घालून की बिनसाखरेची? ‘त्सुकोर्रॉल’ की ‘त्सुकोर नेल्क्युल’? पहिल्यात प्रत्यय साखरेत मुरलेला, म्हणून ती विभक्ती. दुसऱ्यात ‘नेल्क्युल’, म्हणजे शिवाय, सुटा शब्द म्हणून उभा, म्हणून त्याला विभक्ती म्हणत नाहीत. त्यांनी ओढलेली रेघ ती हीच.

कर्माचा त आपल्यापेक्षा शिस्तीचा आहे. आपण ‘आंबा खाल्ला’ म्हणतो पण ‘रामाला पाहिलं’ म्हणतो. कर्म माणूस असेल तर ला, वस्तू असेल तर बहुधा काही नाही. हंगेरियनमध्ये आंबा असो की राम, कर्म झाला की त लागणारच. उलट करणारा कायम कोरा राहतो. ‘रामाने आंबा खाल्ला’मधल्या ‘ने’ला तिथे काही जोड नाही: ‘रामॉ मॅगॅत्तॅ ऑ मॉन्गोत’, राम खाल्ला-त्याने तो आंबा-त. जर्मन किंवा इंग्रजीकडून येणाऱ्याला आपला ‘ने’ समजवायला जेवढा वेळ लागतो, तेवढाच आपल्याला तो सोडून द्यायला लागतो.

आणि आता ‘नॉक, नॅक’, जो मला सर्वांत घरचा वाटतो. तो आपला ला आहे. आन्नाला देतो: ‘ऑन्नानॉक’. पण खरी मजा पुढे. इंग्रजीत ‘माझ्याजवळ आहे’ याला एक क्रियापद असतं. मराठीत नाही, हंगेरियनमध्येही नाही. ‘मला दोन भावंडं आहेत’ हे वाक्य त्यांच्याकडे आहे ‘नॅकॅम केत तॅश्त्वेरॅम वॉन’. नॅकॅम मला, केत दोन, तॅश्त्वेर भावंड, वॉन आहे. जणू एकाच साच्यातून काढलेलं. फरक दोन: आकडा सांगितला की नाम एकवचनी राहतं, आणि भावंडाच्या शेवटी ‘माझं’ असा अ‍ॅम चिकटतो. ‘तॅश्त्वेर’ या शब्दाचे दोन तुकडे म्हणजे शरीर आणि रक्त. ‘मला जायला हवं’ हेसुद्धा तिथे ‘मला’नेच सुरू होतं.

षष्ठी मात्र नाही. चा-ची-चे शोधायला गेलात तर सापडणार नाही. ‘मुलाचं पुस्तक’ म्हणताना आपण खूण मालकावर लावतो; ते पुस्तकावर लावतात: ‘ऑ फिउ क्योन्यवॅ’, मुलगा पुस्तक-त्याचं. जोर द्यायचा असला की मालकाला नॉक लागतो, ‘मुलाला त्याचं पुस्तक’ अशा थाटात. ‘झाडाला फळं’, ‘घराला दोन दारं’ म्हणणाऱ्या आपल्याला त्यात परकं काही वाटू नये.

उरलेल्यांपैकी काही झटपट. ‘एर्त’ म्हणजे साठी, आणि किमतीलाही तोच: दोनशे फोरिंटांना घेतलं तर तो ‘ना’ म्हणजे एर्त. पाणी आणायला निघालेली बाई तिथे ‘वीझेर्त’ जाते, जशी आपली बाई ‘पाण्याला’ जाते. ‘इग’ म्हणजे पर्यंत. पासून-पर्यंतची जोडी ‘तोल’ आणि ‘इग’ अशी जमते. ‘केन्त’ म्हणजे म्हणून: शिक्षक म्हणून काम करतो, ‘तॉनारकेन्त’. ‘उल’ भाषांसाठी: ‘मॉद्यॉरुल’, हंगेरियनमधून. वेळेचा ‘कोर’ कुणी विभक्तीत धरतं, कुणी धरत नाही. पाच वाजता म्हणजे ‘य्योत्कोर’.

‘वा, वे’ या प्रत्ययावर मात्र थांबावंसं वाटतं. तो एका वस्तूची दुसरी झाली की लागतो. ‘पाण्याचा बर्फ होतो’ म्हणताना आपण खूण लावतो पाण्यावर, जे संपणार आहे त्याच्यावर. हंगेरियन खूण लावते बर्फावर, जे होणार आहे त्याच्यावर: ‘येग’ म्हणजे बर्फ, ‘येग्गे’ म्हणजे बर्फाच्या रूपात जाऊन. ‘क्यो’ म्हणजे दगड. अहिल्येची शिळा झाली हे त्या भाषेत सांगायचं तर अहिल्या कोरी राहील आणि दगडाला प्रत्यय लागेल: ‘क्योवे’.

हे प्रत्यय आले कुठून? बालाटोन तळ्याच्या काठी तिहान्य नावाचं गाव आहे. राजा पहिला आन्द्राश याने १०५५ साली तिथे मठ स्थापला, त्याची सनद आजही जपलेली आहे. सनद लॅटिनमध्ये आहे, पण जमिनीच्या हद्दी सांगताना लिहिणाऱ्याला मधूनमधून स्थानिक बोली वापरावी लागली, आणि तिच्यातला एक तुकडा प्रत्येक हंगेरियन शाळकरी मुलाला माहीत असतो: ‘फेहेर्वारु रेआ मेनेह होदु उतु रेआ’. फेहेर्वारकडे जाणाऱ्या लष्करी रस्त्यापर्यंत. यातला ‘रेआ’ बघा. दोनदा आलाय, दोन्ही वेळा सुटा. आज तोच ‘रॉ, रॅ’ होऊन शब्दाला चिकटलाय: ‘फॅहेर्वाररॉ’. साडेनऊशे वर्षांपूर्वी ते शब्दयोगी अव्यय होतं, आता विभक्ती आहे. बाराव्या शतकाच्या शेवटी लिहिलेल्या एका अंत्यविधीच्या प्रवचनात ‘मृत्यूला’ या अर्थी ‘हलालनेक’ असं रूप मिळतं. आज कुणीही ‘हॉलालनॉक’ म्हणेल. प्रत्यय तोवर चिकटलेला होता, पण शेजाऱ्याचा स्वर घ्यायला अजून शिकला नव्हता. ‘बॉन’चं मूळ ‘बेल’ या शब्दात आहे. त्याचा अर्थ आतडं, शरीराचं आतलं अंग. आपला ‘मध्ये’ मध्य या नामातून आला आणि ‘पाशी’ पार्श्वातून, तशीच ही वाट.

त्या वाटेची खूण सर्वनामांत अजून जिवंत आहे. मी म्हणजे ‘एन’. पण ‘माझ्यात’ म्हणायला ‘एनबॅन’ होत नाही. प्रत्ययच उठून उभा राहतो आणि त्यालाच ‘माझा’ चिकटतो: ‘बॅन्नॅम’. माझ्याबरोबर ‘वॅलॅम’, मला ‘नॅकॅम’, माझ्याकडून ‘त्योलॅम’, माझ्याविषयी ‘रोलॉम’. शेपूट म्हणून शिकलेला तुकडा इथे अचानक शब्द म्हणून समोर येतो, कारण तो कधीकाळी शब्दच होता. हे कळलं त्या दिवसापासून मला विभक्तींची यादी यादी वाटेनाशी झाली.

आता एकच गोष्ट उरते, आणि ती कुठल्याही तक्त्यात सापडत नाही: कुठल्या क्रियापदाला कुठली विभक्ती. आपण कुत्र्याला घाबरतो. हंगेरियन माणूस कुत्र्यापासून घाबरतो: ‘फेलॅक ऑ कुत्यातोल’. कुत्र्याला तिकडे ‘कुत्यॉ’ म्हणतात हा निव्वळ योगायोग, पण ‘पासून’ घाबरणं वाचून संस्कृत शिकलेल्यांच्या कानात काहीतरी वाजेल: चोराद् बिभेति. भीतीचं कारण अपादान असतं, म्हणजे त्याला पंचमी लागते, असा पाणिनीचा नियमच आहे. कुणाची आठवण काढायची तर मन त्याच्यावर जाऊन बसतं, म्हणून ‘रॉ, रॅ’. कशाविषयी बोलायचं तर त्याच्यावरून, म्हणून ‘रोल, र्योल’. कुणाला भेटायचं तर त्याच्याशी, म्हणून ‘वॉल, वॅल’. आणि प्रेमात आपण पडतो तो प्रेमात. हंगेरियन माणूस सरळ त्या माणसात जातो. ‘ऑन्नाबॉ’, आत जाण्याचा बॉ, असण्याचा बॉन नव्हे.

हंगेरियन शब्दकोश याची सोय करून ठेवतात. घाबरणे या क्रियापदापुढे ‘वॉलॉमितोल’ म्हणजे ‘कशापासून तरी’ याचं संक्षिप्त रूप छापलेलं असतं, आठवण काढण्यापुढे ‘कशावर तरी’, प्रेमात असण्यापुढे ‘कुणात तरी’. मी आता वहीत क्रियापद एकटं उतरवत नाही. त्याच्या शेजारी तो ‘कशापासून तरी’ही लिहितो, आणि दोन्ही मिळून एकच शब्द असल्यासारखे मोठ्याने म्हणतो.